कान नाही म्हणून गाणं सोडू का?

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात : वय ४६, पतसंस्थेत नोकरी. गाण्याची हौस लहानपणापासूनची, पण शिकायला मुहूर्त लागला तो मुलगी कॉलेजात गेल्यावर. घराजवळच्या क्लासला जाऊ लागल्या. सर पेटीवर काळी एक धरतात, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा मानतात, समोर आठ-दहाजण, बहुतेक बायकाच. सगळे मिळून अलंकार, म्हणजे स्वरांचे ठरावीक तुकडे, म्हणतात. खालच्या स्वरांना त्रास नाही, पण तार सप्तकाकडे, वरच्या स्वरांकडे, गेलं की गळा आवळतो आणि स्वर उतरतो. ‘तुमचा कान कच्चा आहे,’ असं सर चारचौघांत म्हणाले, ते मनाला लागलं. मग ताईंनी पुस्तकं आणली. नाद, श्रुती, सप्तक, थाट, जाती, वादी-संवादी, सगळ्या व्याख्या पाठ केल्या. प्रारंभिकच्या परीक्षेत तोंडी उत्तरं चोख दिली, गाताना मात्र गडबडल्या. मैफलीला गेल्या की आजूबाजूचे लोक समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, दाद देतात आणि यांना सम कुठे आली तेच कळत नाही. रेडिओवर जुनं गाणं लागलं तर शब्द सुरू व्हायच्या आत ओळखतात, पण ‘ते काय, कुणालाही येतं,’ असं त्यांचं म्हणणं. मैत्रीण म्हणते, आधी शास्त्र पक्कं कर. मुलगी म्हणते, थाटबिट सोड, कॅराओकेवर गाणी म्हण. ताईंचा प्रश्न : मूलतत्त्वं नीट समजेपर्यंत गाणं थांबवू, की कानच नाही म्हणून सोडूनच देऊ?

ताई,

दोन्ही करू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि माझ्या मते तुमची निम्मी अडचण कानाची नाहीच, पट्टीची आहे, म्हणजे सा कुठल्या उंचीवर धरायचा त्याची.

सर काळी एक धरतात असं तुम्ही सहज लिहून गेलात. काळी एक ही साधारणपणे पुरुषी गळ्याची पट्टी. बायकांचे आवाज बहुतेक वेळा पांढरी पाच, काळी चार, काळी पाच अशा कुठेतरी बसतात. समजा तुमची पट्टी काळी चार आहे. मग क्लासमध्ये ज्याला सगळे सा म्हणतात तो तुमच्या गळ्याचा मध्यम, म्हणजे म, झाला. सरांचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, हा तुमचा सा, म्हणून खाली तुम्हाला काहीच त्रास नाही. आणि त्यांचा तार सा हा तुमचा तार मध्यम! नवशिक्या गळ्याला तिथं रोज चढायला लावलं तर तो आवळणारच. आवळलेल्या गळ्यातून स्वर उतरतो. समोर बसलेल्याला ऐकू येतं ते एवढंच, की या बाई बेसूर झाल्या. कान बिचारा त्यात कुठेच नसतो. उलट स्वर उतरल्याचं तुम्हाला स्वतःला कळतंय, तुम्ही ते पत्रात लिहिलंय. ज्याला कान नसतो त्याला हेच कळत नाही.

तेव्हा पहिलं काम आपली पट्टी शोधायची. मोबाइलवर तानपुऱ्याचं एखादं फुकट अॅप घ्या आणि काळी चार लावा. सकाळी उठल्या उठल्या नको, तेव्हा सगळ्यांचाच आवाज खाली असतो. दिवसभराचं बोलणं झाल्यावर, संध्याकाळी बसा. सा लावा, सावकाश खाली मंद्र पंचमापर्यंत जा. तो नीट ऐकू यायला हवा, नुसती घरघर नको. मग वर तार गंधारापर्यंत जा, मान ताठ न करता आणि भुवया न चढवता. वर ओढाताण झाली तर पट्टी एका स्वरानं उतरवा, खाली आवाज नाहीसा झाला तर एका स्वरानं चढवा. आठवडाभर रोज थोडं करून बघा, मग ठरवा. शेजारीण कुठल्या पट्टीत गाते याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. वाढत्या वयात बऱ्याच बायकांचा आवाज खाली येतो, त्यात कमीपणा काहीच नाही.

आता कानाबद्दल. कान ही जन्मजात देणगी आहे, ज्याला मिळाली त्याला मिळाली, असं आपल्याकडे फार सहज बोललं जातं. स्वरांतला फरक मुळीच न कळणारी माणसं असतात, पण फार थोडी, आणि ती शब्द सुरू व्हायच्या आत गाणं ओळखत नाहीत. तुम्ही ओळखता. नुसत्या सुरावटीवरून आणि ठेक्यावरून ओळखता. त्याला ‘ते काय, कुणालाही येतं’ म्हणू नका, सगळं शिक्षण त्याच्यावरच उभं राहणार आहे. गणपतीत आरतीला कुणी उत्साहानं चढ्या सुरात सुरुवात करतो, दुसऱ्या कडव्याला निम्म्या मंडळींचे आवाज फाटतात, आणि तुमच्या मनात येतं की जरा खालून धरायला हवं होतं. ही पट्टीची जाण झाली. टाळ वाजवणारी मुलं हळूहळू घाई करू लागतात आणि शेवटच्या आरतीला शब्द तोंडात मावेनासे होतात. लय चढली हे तिथं तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. स्वर आणि लय, संगीताची ही दोन मूळ अंगं तुमच्या ओळखीची आहेत. त्यांची नावं तुम्ही पुस्तकात वेगळी पाठ केलीत आणि ओळख वेगळीच राहिली, एवढंच झालंय.

म्हणून मैत्रिणीचा सल्ला मला पटत नाही. शास्त्र आधी, गाणं मग, असा क्रम संगीतात कधी नव्हताच. संगीतशास्त्रकार विष्णू नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या दहा थाटांची, म्हणजे रागांच्या गटांची, यादी तुम्ही पाठ केली असेल. त्यांनी काय केलं होतं? देशभर हिंडले, गुणीजनांना ऐकलं, त्यांच्याकडून चिजा, म्हणजे बंदिशी, मिळवल्या, जुने ग्रंथ पालथे घातले, आणि मग राग थाटांत मांडले. आधी ऐकणं, मग वर्गवारी. आपण वर्गवारीपासून सुरुवात करतो आणि ऐकू काहीच येत नाही म्हणून रडकुंडीला येतो. शास्त्र सांगायचंच तर तेही कसं सांगावं, याचा वस्तुपाठ त्यांनीच घालून दिलाय : आपल्या पद्धतीचं विवेचन त्यांनी मराठीत चार खंडांत लिहिलं ते गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांतून, व्याख्यांची जंत्री करून नव्हे.

एकच उदाहरण देते. भूप आणि देशकार. दोन्हींत स्वर तेच पाच : सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही, कोमल-तीव्र काही नाही. कागदावर जुळी भावंडं. तरी भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात घातला आणि देशकार बिलावलात. पुस्तक सांगतं, भूपाचा वादी गंधार, देशकाराचा वादी धैवत. पहिला रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. हे पाठ करून हाती काय लागलं? आता दोन्ही राग एकापाठोपाठ ऐका, कुणाही चांगल्या गवयाचे, सुरुवातीची पाच-पाच मिनिटं. भूपात गाणं गंधारापाशी घोटाळतं, तिथं विसावतं, पुन्हा षड्जाकडे, म्हणजे साकडे, येतं. देशकारात सगळा ओढा वर, धैवताकडे आणि तार षड्जाकडे. आठ-दहा दिवस ऐकलंत की वादी म्हणजे काय हे तुम्ही मला सांगाल. त्या दिवशी पुस्तक परत उघडा. तेव्हा ते कामाचं आहे.

आता तुमच्या सुराकडे येऊ, कारण सगळा भार त्याच्यावर आहे. सा कुठल्याही उंचीवर असू शकतो, तो तुम्ही निवडायचा. एकदा निवडला की बाकीचे सगळे स्वर त्याच्याशी असलेल्या नात्यानं ठरतात. जुन्या पुस्तकांत मध्य सा सेकंदाला २४० आंदोलनांचा धरून गणित मांडतात. मग पंचम ३६०, तार सा ४८०. सा आणि पंचम कोमल-तीव्र होत नाहीत. रे, ग, ध, नी कोमल होतात, मध्यम तीव्र होतो, असे मिळून बारा. एवढं गणित सध्या पुरे. बावीस श्रुतींचा, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म जागांचा, विचार आज मनातून काढून टाका.

हे नातं ऐकायची जागा म्हणजे तानपुरा. पंचमाला लावलेल्या तानपुऱ्यात चार तारा : पहिली पंचम, मग जोडीच्या दोन षड्ज, चौथी खर्ज, म्हणजे खालचा सा. रोज सुरुवातीला तीन-चार मिनिटं नुसतं ऐका, गाऊ नका. खर्जाची तार वाजली की तिच्या मागून एक बारीक स्वर उमटतो, कुणी न छेडलेला. तो गंधार असतो. पहिले काही दिवस ऐकू येणार नाही. हेडफोन लावलात आणि अॅपमधला तानपुरा जरा बरा असला तर लवकर सापडेल. एकदा सापडला की मग सुटत नाही. सा २४० धरला तर मध्य सप्तकात हा गंधार ३०० आंदोलनांचा येतो. पेटीवरचा गंधार साधारण ३०२ चा, म्हणजे किंचित चढा, कारण कुठल्याही पट्टीतून वाजवता यावं म्हणून पेटीत सगळे स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. एवढासा फरक, पण तानपुऱ्यावर गंधार लावून बघितलात तर कळेल की तो टेकतो, आणि पेटीवरचा जरासा तरंगत राहतो. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली आणि ती काही दशकं टिकली, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. मी बंदीच्या बाजूची नाही. पेटीनं महाराष्ट्रात घरोघरी गाणं पोचवलं. नवशिक्यानं मात्र सूर तानपुऱ्यावर जुळवावा आणि पेटीवर फक्त खात्री करून घ्यावी. पेटीच्या मोठ्या आवाजात आपला स्वर बुडतो, जुळला की नाही हेच कळत नाही. क्लासमध्ये दहाजण एकत्र गाताना तुमचं तेच होत असणार.

लय-तालाकडे वळते. समेबद्दल तुम्ही इतकं वाईट वाटून घेतलंय, की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं.

पहिली गोष्ट, तुम्ही ऐकायला गेलात ती बहुधा ख्यालाची मैफल. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात एकेक मात्रा इतकी लांब असते की एका आवर्तनाला, तालाच्या एका फेरीला, अर्धा-पाऊण मिनिट सहज जातं. तिथं सम हुकणं ही काही लाज वाटायची गोष्ट नाही. विलंबित संपून छोटा ख्याल सुरू झाला, मध्य लयीतला तीनताल लागला, की तिथून मोजायला लागा. तीनतालाचा ठेका तुम्हाला येत असेल :

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

टाळ्या १, ५ आणि १३ वर, ‘खाली’, म्हणजे टाळी न देता नुसता हात हलवायची जागा, ९ वर. परीक्षेत एवढं विचारतात. आता ऐकताना काय करायचं ते सांगते. तबल्याचा उजवा हात विसरा, फक्त डावा ऐका, डग्गा. ‘धा’ आणि ‘धिं’मध्ये डग्गा घुमतो, ‘ता’ आणि ‘तिं’मध्ये तो नसतो. खाली लिहितात नवव्या मात्रेवर, पण ठेका नीट बघा : नववी मात्रा ‘धा’च आहे. डग्गा गप्प होतो दहाव्यापासून आणि परत घुमतो चौदाव्याला. म्हणजे वाजता वाजता अचानक ठेका हलका, पोकळ वाटतो, चार मात्रा तसाच राहतो, आणि मग घुमारा परत येतो. तो परत आला की मोजा : चौदा, पंधरा, सोळा, आणि सम. एवढंच. टाळ्या मोजत बसायची गरज नाही. दुसरी खूण गाणाऱ्याकडून मिळते. बंदिशीचा मुखडा, म्हणजे पहिल्या ओळीचा सुरुवातीचा तुकडा, गायक प्रत्येक वेळी फिरून त्याच जागेवरून उचलतो आणि त्यातल्या एका ठरावीक अक्षरावर सम येते. ते अक्षर एकदा सापडलं की गायक कितीही लांब फिरून आला तरी तुम्ही त्याच्याबरोबर समेवर याल. डग्गा आणि मुखडा, या दोन खुणा धरून एकच रेकॉर्डिंग आठवडाभर ऐका. वेगवेगळी दहा नकोत.

बाकीचे ताल पुढे येतील. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहाचा, भजनी ठेका तर तुमच्या कानावरून कीर्तना-भजनांत गेलेलाच आहे. रूपकाचं वेगळेपण तेवढं ध्यानात ठेवा : सात मात्रा, आणि समेवरच खाली. म्हणून तो ऐकताना नवीन माणूस गोंधळतो आणि ‘धी’लाच सम समजून बसतो.

मुलगी म्हणते त्यातही तथ्य आहे. गाणी म्हणावीशी वाटतात म्हणूनच आपण शिकायला येतो. महिनोन् महिने नुसते अलंकार घोटून गाण्याचं तोंडही बघायचं नाही, ही शिक्षा मोठ्या माणसाला कशाला? पण कॅराओकेचे ट्रॅक बहुतेक मूळ गायकाच्या पट्टीत असतात आणि तो ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही पुन्हा दुसऱ्याच्या पट्टीत ओढल्या जाल, म्हणजे क्लासमध्ये आहे तेच. पट्टी बदलायची सोय असलेलं अॅप मिळालं तर मुलीबरोबर जरूर गा, घरात मजा येईल. रियाज मात्र त्याच्यावर नको. एक आवडतं गाणं निवडा, मध्य लयीतलं, फार वर न जाणारं, आणि ते आपल्या पट्टीत नुसत्या तानपुऱ्यावर बसवा. वाद्यमेळ काढून घेतला की आपण कुठे टेकतो आणि कुठे घसरतो ते लख्ख कळतं.

रोज वीस मिनिटं द्या, जास्त नकोत. आधी तानपुरा ऐकणं. मग सा, आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत, एका श्वासात जेवढा टिकेल तेवढा. मोठा काढायचा नाही, स्थिर काढायचा. मग मंद्रात हळूहळू उतरत जाणं, खर्ज. मग भूपाच्या स्वरांत एकच अलंकार : सारेग, रेगप, गपध, पधसां, आणि तसंच उलट येणं. हा तळहातावर टाळी देत, एका लयीत. चुकलं तर लय सोडायची नाही, पुढच्या तुकड्याला परत पकडायचं. स्वर सांभाळायचा, लयही चुकू द्यायची नाही, असं मी माझ्याकडच्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना सांगते, पण तेही एका वेळी एकच : आज सुराकडे बघायचं ठरवलं तर टाळी नको, उद्या लयीकडे बघायचं तर थोडा उतरलेला स्वर चालवून घ्यायचा. दोन्ही एकदम सांभाळायला गेलं की गळा धरतो. राहिलेली पाच मिनिटं तुमच्या गाण्याला. आठवड्यातून एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, लगेच नको. लगेच ऐकलं की फक्त राग येतो. घसा दुखला तर त्या दिवशी बंद. आवाज आठ-पंधरा दिवस बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

क्लास सोडू नका एवढ्यात. सरांना एकटं गाठून सांगा : ‘सर, मी घरी काळी चारला गाऊन बघते आहे, तिथं मला वर जायला जमतंय. क्लास संपल्यावर पाच मिनिटं त्या पट्टीत माझं ऐकाल का?’ तक्रार नको, विनंती. पुरुष शिक्षक आणि समोर बायकांचा गट, ही अडचण फार जुनी आहे. चांगले शिक्षक अर्धा तास आपल्या पट्टीत शिकवतात आणि अर्धा तास बायकांच्या पट्टीत म्हणून घेतात. पेटीवर पट्टी बदलणं शिकवणाऱ्याला जड जाऊ नये. सरांनी ऐकलं तर बरंच. ‘एवढे लाड नाहीत’ असं उत्तर आलं, तर महिन्याची फी भरलेली असली तरी दुसरीकडे चौकशी करा. चारचौघांत ‘कान कच्चा’ म्हणणाऱ्याकडे मोठ्या वयाचा माणूस मोकळा होऊन गाऊ शकत नाही, आणि मोकळा झाल्याशिवाय गळा उघडत नाही.

पुढची परीक्षा, प्रवेशिका प्रथमची, वर्षभर लांबवा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी गावोगावच्या हजारो मुलांना रीतसर शिक्षणाची वाट दाखवली, त्याचं मोल मोठं आहे. पण तुम्हाला कुठे दाखला दाखवायचाय? परीक्षेची तारीख आली की तुम्ही पुन्हा व्याख्यांकडे धावाल. एक राग, भूप, वर्षभर पुरेल. त्यात एक बंदिश, चार-सहा आलाप, थोडी सरगम. मिरजेचा तानपुरा घ्यावासा वाटेल. मिरजेत पिढ्यान् पिढ्या तानपुरे करणारे कारागीर आहेत आणि त्यांच्या दुकानात बसून एक वाद्य जवारीवर येताना, म्हणजे त्याच्या तारांना झंकार येताना, ऐकणं हाच एक धडा आहे. जाऊन या, खरेदी मात्र आत्ता नको. जुळवायला कान तयार व्हावा लागतो आणि न जुळलेल्या तानपुऱ्यावरचा रियाज नुकसानच करतो. तोवर अॅप किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा उत्तम.

ऑनलाइन शिकणाऱ्यांची, विशेषतः परदेशातून शिकणाऱ्या मराठी मंडळींची पत्रंही साधारण अशीच असतात, म्हणून त्यांच्यासाठी इथेच लिहिते. व्हिडिओ कॉलवर आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे गुरूबरोबर एकत्र गाता येत नाही. प्रयत्न केलात तर लय सतत मागे पडल्यासारखी वाटेल आणि दोष तुम्ही स्वतःला द्याल. गुरूनं म्हणायचं, थांबायचं, मग तुम्ही म्हणायचं, हीच रीत ठेवा. तानपुरा एका वेळी एकाच बाजूला चालू असू द्या, जो गातोय त्याच्या. दोन्हीकडे लावलात तर आवाज एकमेकांत मिसळतात आणि नवशिक्याला सा सापडत नाही. ठेक्याचा रियाज कॉल संपल्यावर, आपापल्या तबल्याच्या अॅपवर करायचा, आणि त्याचं रेकॉर्डिंग गुरूला पाठवायचं.